कारण मिळालेला माणूस

पाटी रंगवणाऱ्याचा अंदाज चुकला होता. 'अनाकलनीय आजार व मृत्यू सर्वेक्षण' एवढं लिहून होईपर्यंत दारावरची जागा संपली, म्हणून उरलेला 'कक्ष' हा शब्द त्याने शेजारच्या दारावर, म्हणजे स्वच्छतागृहावर लिहून टाकला. बाहेरून येणारे लोक थेट तिकडेच जात, आणि बहुतेकांचं काम तिथे होतही असे.

कक्षाचं काम सांगायला सोपं होतं. एखादा धडधाकट माणूस अचानक अतिदक्षता विभागात जाऊन पडला किंवा सरळ गेलाच, आणि का ते कुणालाच कळेना, तर रुग्णालयाने तसं कळवायचं. मग कक्षाने त्याचे नमुने मोठ्या प्रयोगशाळेत धाडायचे. रक्त, छातीतला स्राव, माणूस गेलेला असेल तर फुफ्फुसाचा तुकडा. तिथे ते गोठवून ठेवत आणि माहीत असलेल्या सगळ्या रोगजंतूंसाठी तपासत. ज्यांचं अजून बारसं झालेलं नाही अशांसाठीसुद्धा. एकाच जागेवरून अशी दोन-तीन माणसं निघाली की ती जागा बंद करायचा अधिकार कक्षाला होता. शहरात काही नवीन शिरलंच तर ते सगळ्यात आधी या खोलीला कळावं, अशी कल्पना. कल्पना चांगली होती. ती ज्यांना सुचली ते निवृत्त झाले.

पहिल्या वर्षी रुग्णालयांनी भाबडेपणाने भराभर कळवलं. आकडा वरच्या बैठकीत गेला आणि तिथे कुणीतरी भुवया उंचावून विचारलं, "एवढे लोक कारण नसताना मरतात?" साहेबांनी उभं राहून शब्द दिला की आकडा खाली आणतो. परत आल्यावर त्यांनी एक फिरती ढाल करवून घेतली. ज्या रुग्णालयात अनाकलनीय मृत्यू सगळ्यात कमी, त्याला ती ढाल. आकडा खरोखरच खाली आला. लोक पूर्वीइतकेच मरत होते, पण आता कारणासकट मरत होते. गेल्या वर्षी तर शहरात एकही मृत्यू न कळण्यासारखा झाला नाही, आणि साहेब त्यावर परिषदेत भाषण करून आले.

या कक्षात एक डॉक्टर बाई होत्या. ऑफिसात त्यांना मॅडम म्हणत, घरी ताई. आपण ताईच म्हणू, कारण मॅडम म्हणून तिचं फारसं काही चाललं नाही.

ताईच्या धाकट्या भावाचा गाद्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांब पत्र्याची शेड, तिच्या एका टोकाला कापूस पिंजायचं यंत्र आणि दुसऱ्या टोकाला टाके घालणारी बाई. मध्ये जुन्या गाद्यांचे ढीग. हॉटेलं, वसतिगृहं, बंद पडलेल्या संस्था यांच्या गाद्या तो घाऊक उचलायचा, फाडायचा, आतला कापूस पिंजून नव्या खोळीत भरायचा. "लोकांची झोप रिसायकल करतो," असं तो लग्नकार्यात सांगत असे आणि आपणच आधी हसत असे.

त्या दिवशी फोनवर तो हसला नाही. खोकला. ताई दुपारीच शेडवर गेली.

धाकटा गाद्यांच्या ढिगावर पाय सोडून बसला होता. डोळे तांबारलेले. यंत्र बंद होतं.

"पिंजणारा कुठंय?"

"गेला."

"काम सोडून?"

"सगळंच सोडून. मागच्या आठवड्यात. ताप काय आला, धाप काय लागली, दवाखान्यात नेला आणि संपलं. हार्ट म्हणाले."

"हार्ट? अरे, तुझ्यापेक्षा लहान ना तो?"

"आता हार्टला वय विचारायला गेलं कोण? ताई, शेवटी सगळ्यांचंच हार्ट बंद पडतं की. डॉक्टर तू आहेस का मी?"

"आणि तो टेम्पो भरणारा?"

"तापाने फणफणला होता. बहिणीकडे गेलाय. फोन लागत नाही." त्याने खोकून घेतलं, मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाला, "हे बघ, तुझं ऑफिसातलं तोंड करू नकोस."

टाके घालणारी बाई सुई न थांबवता म्हणाली, "तो नवा माल उघडल्यापासून हे सुरू झालंय, मॅडम."

नवा माल म्हणजे एका बंद वसतिगृहाच्या गाद्या. कित्येक वर्षं कुलपात होत्या. आत उंदरांची खानदानं नांदून गेली होती. पिंजणाऱ्याने पहिल्या काही फाडल्या, धाकट्याने काही, टेम्पोवाल्याने झटकल्या. अर्ध्याहून अधिक माल अजून तसाच भिंतीला लावून ठेवला होता.

ताईने धाकट्याचा हात धरून पाहिला. चटका बसला. "ऊठ. दवाखान्यात चल."

"उद्या ऑर्डर आहे."

"ऊठ म्हणते ना!"

लहानपणी ती या आवाजात ओरडली की तो पळून जायचा. आता उठून उभं राहायलाच त्याला तिचा खांदा लागला.

रुग्णालयात छातीच्या वॉर्डाचे मोठे डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी छातीचा फोटो पाहिला. दोन्ही फुफ्फुसं पांढरी. "न्यूमोनिया," ते म्हणाले.

"कशाने?"

"मॅडम, न्यूमोनिया तो न्यूमोनिया."

दोन दिवसांनी ताईने त्यांना पुन्हा गाठलं. "डॉक्टर, तपासण्या सगळ्या कोऱ्या आल्यात. तुमची औषधं लागू पडत नाहीत. याच शेडमधला एक गेला, एकाचा पत्ता नाही. कारण कळत नाही असं लिहा. तेवढं लिहिलंत की मला नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवता येईल. काय आहे ते कळलं तर औषध तरी बदलाल."

डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. खाली स्वागतकक्षातल्या काचेच्या कपाटात ढाल होती आणि तिच्याखाली रोज ताजी फुलं ठेवत. "मी 'कळत नाही' असं लिहिलं, तर वरून पहिला प्रश्न काय येईल? कळत नाही तर तुम्ही तिथे बसलात कशाला? दुसरा प्रश्न येत नाही, मॅडम. बदलीच येते." मग जरा ओशाळून म्हणाले, "तुमच्या साहेबांनी आधी सांगितलं तर मी लिहीन. आनंदाने लिहीन."

साहेबांनी ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. मग म्हणाले, "भाऊ करतो काय?"

"गाद्यांचा कारखाना आहे, सर."

"मग झालं तर! धूळ."

"धुळीने इतका ताप येत नाही, सर."

"धुळीने छाती खराब, खराब छातीत न्यूमोनिया, न्यूमोनियात ताप. सगळं कसं ओळीने लागतंय. शिवाय आपली व्याख्या काय? 'पूर्वी निरोगी असलेली व्यक्ती'. गादीवाला निरोगी कसा असेल? सिगारेट ओढतो?"

"ओढायचा."

"बघ." साहेबांनी चष्मा काढून पुसला. मऊ झाल्यावर ते असं करत. "तुझा भाऊ आहे ना, म्हणून तुला अनाकलनीय वाटतंय. मला तर अगदी स्पष्ट कळतंय. आणि नात्यातल्या रुग्णाची केस आपली आपण हाताळायची नसते. तुझ्या सहकाऱ्याकडे दे."

"सहकाऱ्याची जागा रिकामी आहे, सर."

"भरली की दे."

ताई वॉर्डात परतली तेव्हा धाकट्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तो बाजूला करून त्याने विचारलं, "काय म्हणतात तुझे साहेब? घेतलं मला तुमच्या खात्यात?"

"मास्क लाव."

"नाही घेतलं ना? आयुष्यात एकदा वशिला लावायची वेळ आली आणि बहीण निघाली कुचकामी." तो धापा टाकत हसला. मग छताकडे बघत म्हणाला, "ताई, मला खरंच काय झालंय?"

त्याने हा प्रश्न मस्करीत विचारला असता तर तिने मस्करीत उत्तर दिलं असतं.

"शोधतेय," ती म्हणाली.

आणि मग तिने ती गोष्ट केली, जी त्या कक्षात इतकी वर्षं बसलेल्या माणसालाच सुचू शकते. रुग्णालयातून रोज एक पेटी त्याच मोठ्या प्रयोगशाळेत जात असे, फ्लूच्या नेहमीच्या तपासणीची. तिला परवानगी लागत नव्हती, व्याख्या लागत नव्हती, कुणी विचारतही नव्हतं. ताईने नर्सकडून धाकट्याच्या छातीतला स्राव एका नळीत घेतला आणि नळी त्या पेटीत ठेवून दिली. हिशेब सरळ होता. नमुना एकदा का प्रयोगशाळेच्या दारातून आत गेला, की आतली तिची वर्गमैत्रीण तो उचलून गोठवणाऱ्या कपाटात ठेवील. बाकीची मंजुरी मागाहून येत राहील. सरकारी कामात आधी आत शिरायचं आणि मग अर्ज करायचा, हे ताई साहेबांकडूनच शिकली होती.

मैत्रिणीला तिने लगेच फोन केला. ती बैठकीत होती. पुन्हा केला. बैठकीतच होती. ताईने निरोप ठेवला आणि कॉलेजनंतर पहिल्यांदाच, आपण काहीतरी हुशारी केली असं तिला वाटलं. भावजय वॉर्डाबाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिला ताई म्हणाली, "गेलाय नमुना. कळेल आता."

भावजयीने डबा उघडून अर्धा तिच्यापुढे केला. "मग जेवा आता दोन घास."

दुसऱ्या दिवशी फ्लूचा निकाल आला. फ्लू नव्हता. पाठोपाठ मैत्रिणीचा फोन.

"अगं, निरोप आत्ता ऐकला. कुठली नळी म्हणतेस?"

"फ्लूच्या पेटीतली. माझ्या भावाची. ती काढून कपाटात ठेव, मंजुरी मी आणते."



"फ्लूच्या पेटीत कशाला ठेवलीस?"

"दुसरा रस्ता नव्हता म्हणून. का?"

"निगेटिव्ह आलेल्या फ्लूच्या नळ्या आम्ही ठेवत नाही आता. जाळून टाकतो. काल तीच तर बैठक होती, त्याच्या अंमलबजावणीची. कपाटात जागा होत नाही ना." मैत्रीण चाचरली. "तुमच्याच कक्षाची सूचना होती गं. तुझीच सही आहे खाली."

ताईला आठवलं. मूळ मसुद्यात 'शक्य असल्यास नष्ट करावेत' असं होतं. ते तिला ढिलं वाटलं होतं. तिने 'शक्य असल्यास' खोडून 'तत्काळ' केलं होतं. अनाकलनीय मृत्यूंच्या नमुन्यांना कपाटात जागा राहावी म्हणून.

"अगदीच गेली का?"

"सकाळीच गेली."

ती जिन्याने धावत वॉर्डात गेली. दुसरा नमुना घ्यायचा, डॉक्टरांच्या पाया पडायचं, साहेबांच्या वरच्यांना फोन करायचा, असं सगळं पायरीपायरीला मनात ठरत होतं. वॉर्डाच्या दारात नर्सने तिचा दंड धरला, आणि ज्या पद्धतीने धरला, त्यावरून ताईला कळलं. दंड धरायची ती पद्धत डॉक्टरांनाही शिकवतात.

मोठ्या डॉक्टरांनी कारण लिहून ठेवलं होतं. न्यूमोनिया, त्यामुळे हृदयक्रिया बंद. अक्षर सुंदर होतं.

आता एकच गोष्ट उरली होती. फुफ्फुसाचा तुकडा. कारण लिहिलेल्या मृत्यूचं शवविच्छेदन रुग्णालय आपणहून करत नाही. घरच्यांनी मागितलं तर करतं. घरच्यांनी म्हणजे भावजयीने.

भावजय अजून त्याच बाकावर होती. रडून झालं होतं किंवा अजून सुरू व्हायचं होतं. ताई तिच्याजवळ बसली आणि तिला नीट, हळूहळू सगळं सांगितलं. नळीचंही सांगितलं. भावजय पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

मग म्हणाली, "उघडल्यावर कळेल?"

"कदाचित."

"कदाचित." तिने तो शब्द ऑर्डर घेताना कापड चाचपून पाहावं तसा चाचपला. "आणि कळलं तर?"

"तर शेड बंद करता येईल. तो माल जाळता येईल. बाकीचे वाचतील. तूसुद्धा."

"आणि नाही कळलं तर?"

"तरीही बंद ठेवायला लागेल. कळेपर्यंत."

"म्हणजे कधीपर्यंत?"

ताईने संमतीचा कागद तिच्यापुढे सरकवला.

"ताई, त्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं. न्यूमोनिया झाला, छातीत पाणी झालं, सिगारेटने आधीच पोखरलं होतं. मला समजलं. मी लोकांना सांगू शकते. सिगारेटवरून तुम्हीही त्यांना बोलायचात, मीही बोलायचे. निदान आमचं बोलणं खरं होतं, एवढं तरी राहिलं माझ्याकडे." तिचा आवाज चढला. "आता तुम्ही म्हणता, ते खरं नाही. मग खरं काय, तर ते माहीत नाही. त्यासाठी त्यांना फाडायचं. आणि परत येऊन मला सांगणार, कदाचित!"

"अगं, पण दुसरं कुणी आजारी पडलं तर..."

"तुमची ती एक नळी होती ना? ती तुम्हीच जाळलीत." भावजय हे वैतागून म्हणाली नाही. दुकानात माल परत करावा तशा आवाजात म्हणाली. "यांना कारण मिळालंय, ताई. ते राहू दे त्यांच्यापाशी. त्यांना तेवढं तरी नेऊ दे."

तिने सही केली नाही. ताईने पुन्हा विचारलं नाही, आणि पुन्हा का विचारलं नाही याचं उत्तर तिला पुढे कधी सापडलं नाही.

साहेब भेटायला घरी आले. येताना फळं आणली, पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून बसले. "वाईट झालं," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "पण एका अर्थी सुटलात. अनाकलनीय मृत्यूत घरच्यांचे फार हाल होतात, तुला माहितीये. इथे निदान सगळं स्पष्ट आहे." मग भावजयीकडे वळून म्हणाले, "तुम्ही धीर धरा. आता कामात मन गुंतवा."

भावजयीने ते ऐकलं. तिच्यापुढे दुसरं गुंतवण्यासारखं काही नव्हतंही.

ताईने पुढचे दिवस फोन करण्यात घालवले. टेम्पोवाल्याच्या बहिणीचा फोन शेवटी लागला. भाऊ गेला, ती म्हणाली. कशाने? काविळीने, तिथल्या डॉक्टरने सांगितलं. डोळे पिवळे होते का? नव्हते, पण कावीळ आतली होती म्हणे. तीन माणसं, एक शेड, आणि तीन वेगवेगळी कारणं. हृदय, न्यूमोनिया, आतली कावीळ. कागदावर त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. शेड बंद करायचा हुकूम काढण्याइतकं अज्ञान या शहरात कुणाकडेच शिल्लक नव्हतं.

म्हणून हुकमाऐवजी ती मास्कचा खोका घेऊन शेडवर गेली. ऑफिसच्या भांडारातून तिने तो सरळ उचलून आणला होता.

टाके घालणाऱ्या बाईने मास्क लावून पाहिला, तिच्या चष्म्यावर वाफ धरली. तिने तो हनुवटीवर ओढला. "सुईचं नेढं दिसत नाही, मॅडम."

"तरी लावा. धोका आहे."

"कसला?"

"ते नक्की माहीत नाही."

"मग कशाला घाबरायचं ते तरी सांगा." बाईच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ती खरंच मदत करायला तयार होती. "नुसतं घाबरा म्हणालात तर माणूस घाबरणार कसा? काम तर करायचंय."

शेडच्या दुसऱ्या टोकाला पिंजण्याच्या यंत्राजवळ भावजय उभी होती. पिंजणारा गेला, मालक गेला, नवा माणूस मिळेना. म्हणून तिने पदर खोचला होता. ऑर्डर अर्धीच झाली होती, आणि बाकीची त्या भिंतीला लावलेल्या मालातूनच व्हायची होती.

"हा माल तेवढा राहू दे," ताई म्हणाली. "दुसरा घे. हात जोडते."

"दुसरा कुठून आणू?"

"मी काहीतरी करते. वर बोलते."

"बोला," भावजय म्हणाली. तिने ढिगातली वरची गादी खाली ओढली. गादी जड होती, दमट होती, एका बाजूला कुरतडलेली. ती एकटीला पेलेना. तिचा तोल गेला आणि तोंड जवळजवळ त्या कुरतडलेल्या बाजूवर आपटलं. सरळ होऊन तिने मनगटाने गाल पुसला.

"आलाच आहात तर ते टोक धरा, ताई. एकटीला वाकून धरावं लागतं."

ताईने खोक्यातला एक मास्क काढून तिच्यापुढे धरला. भावजयीच्या दोन्ही हातांत गादी होती. ताईने पुढे होऊन तो तिच्या कानांवर अडकवला, नाकावर चिमटीत दाबून बसवला. लहान मुलाला बसवतात तसा. मग एक स्वतः लावला.

मग तिने टोक धरलं. भावजयीने शिवण उसवायची सुरी उचलून खोळीत खुपसली आणि एका ओढीत शेवटपर्यंत नेली.